मिट्रोपा चषकाचे शिल्पकार ह्युगो मायझल

दोन देशांच्या क्लबनी एक सामना इकडे आणि एक तिकडे खेळावा आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजून विजेता ठरवावा, ही पद्धत फुटबॉलच्या प्रेक्षकांच्या आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे कोणा माणसाची खटपट असेल असे वाटतही नाही. युरोपात ती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने ह्युगो मायझल यांच्याकडे जाते. खेळाडू म्हणून ते सामान्यच होते. व्हिएन्नाच्या एका बँकेत त्यांनी नोकरी केली, आणि फुटबॉलमध्ये नाव मिळवले ते पंच, प्रशिक्षक व संघटक म्हणून.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८१ रोजी बोहेमियातील मालेशोव येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. लहान वयातच ते व्हिएन्नाला आले आणि तिथल्या क्रिकेट अँड फुटबॉल क्लबमध्ये रमले. अनेक भाषा त्यांना अवगत होत्या आणि पुढे वाटाघाटींत याच गुणाचा सर्वाधिक उपयोग झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्यांनी पंच म्हणून काम पाहिले. त्याच वर्षी इंग्लिश प्रशिक्षक जिमी होगन यांना त्यांनी व्हिएन्नात आणले. जमिनीवरून छोटे छोटे पास देत पुढे सरकणारा ऑस्ट्रियाचा खेळ या दोघांच्या सहवासात घडला.

पहिल्या महायुद्धात मायझल आघाडीवर लढले. परतले तेव्हा साम्राज्याचे तुकडे झाले होते. व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट या एकाच साम्राज्यातील नगरी आता तीन वेगळ्या देशांत गेल्या. साम्राज्याच्या काळात, १८९७ पासून, या शहरांचे क्लब चॅलेंज कपसाठी एकमेकांशी खेळत असत. आता तोच खेळ खेळायचा तर मध्ये सरहद्द होती. अंतर मात्र वाढले नव्हते. मुंबईहून निघून, कर्जतनंतर कोंडाण्याच्या लेण्यांचा डोंगर डावीकडे सोडून, घाट चढून पुण्याला पोहोचावे, त्याहून थोडाच लांबचा प्रवास व्हिएन्ना ते बुडापेस्ट हा होता.

मायझल यांची प्रेरणा केवळ बंधुभावाची होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९२४ मध्ये ऑस्ट्रियाने व्यावसायिक लीग सुरू केली. ब्रिटनबाहेर युरोपात ती पहिलीच. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी लवकरच त्या वाटेने गेले. खेळाडूंना पगार द्यायचा तर तिकीटविक्री हवी, आणि गावातल्या त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांवर ती किती दिवस होणार? शेजारच्या देशाचा विजेता आपल्या मैदानावर आला, तर स्टेडियम भरेल, हा बँकेतल्या माणसाचा हिशेब होता.

जुलै १९२७ मध्ये व्हेनिसच्या बैठकीत योजना मंजूर झाली. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या चार देशांचे प्रत्येकी दोन क्लब, बाद पद्धत, प्रत्येक फेरीत घरचा आणि बाहेरचा असे दोन सामने. मध्य युरोप या अर्थाच्या जर्मन शब्दावरून तिला मिट्रोपा चषक म्हटले जाऊ लागले. ऑगस्टमध्ये स्पर्धा सुरूही झाली. पहिल्या अंतिम फेरीत स्पार्टा प्रागने रॅपिड व्हिएन्नाला घरच्या मैदानावर ६-२ असे हरवले आणि व्हिएन्नात १-२ अशी हार पत्करूनही चषक नेला. १९२९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी इटली आला, १९३४ पासून प्रत्येक देशाचे चार क्लब खेळू लागले.

वातावरण नेहमीच खेळीमेळीचे नसे. १९३२ च्या उपांत्य फेरीत स्लाव्हिया प्रागने युव्हेंटसला प्रागमध्ये ४-० असे हरवले. तुरिनच्या परतीच्या सामन्यात स्लाव्हियाचा गोलरक्षक प्लानिच्का याला दगड लागला आणि पाहुण्यांनी मैदान सोडले. दोन्ही संघ बाद ठरले आणि दुसऱ्या उपांत्य लढतीतील विजेत्या बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच चषक मिळाला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रिया व्हिएन्नाने मिलानच्या अँब्रोझियाना-इंटरला अंतिम फेरीत नमवले. परतीच्या सामन्यातील तिन्ही गोल माथियास झिंडेलारचे होते.

झिंडेलार हा मायझल यांच्या राष्ट्रीय संघाचाही प्राण. १६ मे १९३१ रोजी या संघाने स्कॉटलंडचा ५-० असा धुव्वा उडवला आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ तो अपराजित राहिला. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडने त्याला ४-३ असे रोखले. १९३४ च्या विश्वचषकात मात्र इटलीकडून उपांत्य फेरीत एका गोलने पराभव झाला. वंडरटीम म्हणून गाजलेल्या या संघाला विश्वचषक कधीच लाभला नाही.

१९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला तो घरच्या-बाहेरच्या सामन्यांच्या याच पद्धतीने. आशियातही क्लब सरहद्द ओलांडून खेळू लागले. ईस्ट बंगालने २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तर मुंबई सिटीने एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या अल कुवा अल जविया संघाला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय.

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी व्हिएन्नात, ऑस्ट्रियन फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात काम करीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने मायझल यांचे निधन झाले. वय ५५. त्यांचे धाकटे बंधू, क्रीडा पत्रकार विली मायझल, जर्मनीतील नाझी राजवटीमुळे आधीच लंडनला गेले होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. व्यावसायिक फुटबॉल बंद करण्यात आले, ऑस्ट्रिया व्हिएन्नाच्या ज्यू पदाधिकाऱ्यांना दूर सारण्यात आले आणि त्या वर्षीच्या मिट्रोपा चषकात व्हिएन्नाचा एकही क्लब नव्हता. जानेवारी १९३९ मध्ये झिंडेलार मृतावस्थेत आढळला. १९४० च्या स्पर्धेत बुडापेस्टचा फेरेन्स्व्हारोश आणि रॅपिड बुखारेस्ट अंतिम फेरीत पोहोचले. युद्धामुळे तो सामना झालाच नाही.