मोटारींचा शिल्पकार : एत्तोरे बुगाटी

शाळेच्या फाटकापुढून एखादी वेगवान मोटार सर्रकन निघून गेली म्हणजे खिडकीशी बसलेल्या विद्यार्थ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात, हा अनुभव शिक्षकांस नित्याचाच आहे. आम्ही विद्यार्थ्यांस त्याबद्दल दोष देत नाही. कारण त्या वयात आमच्याही माना तशाच वळत असत, व खरे सांगावयाचे तर आजही वळतात. परंतु मोटार डोळ्यांआड झाल्यावर तिचा कर्ता कोण, तिच्या घडणीत त्याने काय ओतले व त्यापायी काय गमावले, हा विचार फारच थोड्यांच्या मनात येतो. शर्यतीच्या मोटारीस कलाकृतीची योग्यता आणून देणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या एत्तोरे बुगाटी यांचे चरित्र म्हणूनच आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

एत्तोरे यांचा जन्म १८८१ च्या सप्टेंबर महिन्यात इटलीतील मिलान शहरी झाला. घराणे कलावंतांचे. पिता कार्लो बुगाटी हे लाकडी सामानाचे व दागिन्यांचे नामांकित रचनाकार. आत्याचे यजमान जोव्हान्नी सेगान्तिनी हे प्रख्यात चित्रकार. आणि धाकटा बंधू रेम्ब्रांट हा पुढे पशूंची शिल्पे घडविण्यात युरोपभर नावाजला गेला. अशा घरात वाढलेल्या मुलाने कुंचला किंवा छिन्नी हाती धरावी, हेच सर्वांस स्वाभाविक वाटले असते. परंतु एत्तोरे यांचे चित्त यंत्रांत गुंतले. मिलानमध्ये सायकली व तीनचाकी गाड्या करणाऱ्या एका कारखान्यात ते उमेदवार म्हणून शिरले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. कारखान्याची जमीन हीच त्यांची पाठशाळा झाली.

१९०१ साली, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसता, त्यांनी स्वतः रेखाटलेली मोटार मिलानच्या प्रदर्शनात मांडली. ती पाहून आल्सास प्रांतातील द दीत्रिश या मोठ्या कारखानदारांनी त्यांस रचनाकार म्हणून बोलाविले. तरुण अद्याप सज्ञान नव्हता, म्हणून करारपत्रावर पित्यास सही करावी लागली! पुढील आठ वर्षे त्यांनी प्रथम आल्सासमध्ये व नंतर जर्मनीतील कोलोन येथे दुसऱ्यांच्या कारखान्यांत काढली. तेथे मोठ्या व जड मोटारी करण्याचे काम त्यांच्याकडे असे. परंतु मनात एक निराळीच मूर्ती आकार घेत होती. कोलोन येथील राहत्या घराच्या तळघरात, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात, त्यांनी एक चिमुकली मोटार सिद्ध केली. उत्तम जातीच्या अश्वावरून तिचे नाव ठेविले. घोड्यांचा त्यांस विलक्षण षोक होता, आणि त्यांच्या मोटारींच्या अग्रभागी जी घोड्याच्या नालाच्या आकाराची जाळी दिसते, तीही त्या षोकाशी जुळणारीच आहे.

या चिमुकल्या गाडीतच एत्तोरे यांच्या सर्व विद्येचे बीज होते. त्या काळी वेग हवा असेल तर एंजिन मोठे करावे, असा सर्वसाधारण समज होता. परंतु मोठे एंजिन पेलण्यास जड सांगाडा लागतो, जड सांगाड्यास जड चाके लागतात, आणि एवढे ओझे वळणावर आवरावयाचे व उतारावर थांबवावयाचे म्हणजे वेगाचा निम्मा लाभ तेथेच खर्ची पडतो. एत्तोरे यांनी प्रश्न उलटा केला. शक्ती किती वाढवावी हे न पाहता ओझे किती टाकता येईल, हे त्यांनी पाहिले. ज्या भागावाचून चालेल तो भाग काढून टाकावा, व जो उरेल तो असा घडवावा की पाहणाऱ्यास तोच अलंकार वाटावा, हा त्यांचा नियम ठरला. दगडातील नको तेवढे काढून टाकले म्हणजे मूर्ती उरते, ही शिल्पकाराची रीत त्यांनी लोखंडास लाविली.

१९०९ च्या अखेरीस त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पत्नी बार्बरा व तान्हा पुत्र ज्याँ यांसह ते आल्सासमधील मोल्सहाइम या लहानशा गावी आले, आणि कापड रंगविण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्यांनी आपले बिऱ्हाड व आपला धंदा थाटला. दोनच वर्षांत, १९११ साली, फ्रान्समधील ल मान येथे मोठी शर्यत झाली. तीत सुमारे दहा लिटरच्या एंजिनाची फियाट पहिली आली; आणि तिच्यामागून दुसरी आली ती अर्नेस्ट फ्रिडरिख यांनी हाकलेली, अवघ्या १.३ लिटरच्या एंजिनाची बुगाटी. हत्तीच्या पाठोपाठ हरिण यावे, तसे ते दृश्य होते.

पहिल्या महायुद्धात कारखाना सोडावा लागला. परंतु शांतता होताच ते मोल्सहाइमला परतले. १९२१ साली इटलीतील ब्रेशा येथील शर्यतीत लहान मोटारींच्या गटात पहिले चारही क्रमांक बुगाटीने पटकाविले. मात्र त्यांचे खरे यश १९२४ साली जन्मास आले. लिओं येथील ग्राँ प्री शर्यतीसाठी त्यांनी जी मोटार उतरविली, तिचा मालिकेतील क्रमांक ३५. आठ नळकांड्यांचे दोन लिटरचे एंजिन. पुढचा आस पोकळ, पण घडीव. चाके ॲल्युमिनिअमची ओतीव, आणि ब्रेकचे पिंप चाकातच ओतलेले, म्हणजे चाक काढताच ब्रेकही डोळ्यांपुढे यावा. एवढी सगळी गाडी सुमारे साडेसातशे किलो भरे. पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला व पदरी पराजय आला. कोणी दुसरा असता तर त्याने आराखडाच बदलला असता. एत्तोरे यांनी टायर बदलले, मोटार बदलली नाही.

त्यांचा निर्णय योग्य ठरला. १९२५ पासून १९२९ पर्यंत सिसिली बेटातील टार्गा फ्लोरिओ ही डोंगराळ, वळणावळणांची शर्यत ओळीने पाच वेळा बुगाटीने जिंकली. १९२६ साली कारखानदारांचे जागतिक अजिंक्यपद तिजकडे आले. १९२९ साली मोनाको येथे पहिली ग्राँ प्री झाली, तीही विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी बुगाटीनेच जिंकली. या मोटारीचा विशेष असा की ती केवळ कारखान्याच्या पगारी चालकांसाठी नव्हती; ज्याच्याजवळ पैसा व धैर्य असेल त्यास ती विकत मिळे. चेकोस्लोव्हाकियातील एलिश्का युन्कोव्हा या महिलेने १९२८ च्या टार्गा फ्लोरिओत आपली बुगाटी हाकून भल्याभल्या पुरुषांस मागे टाकले व पाचवा क्रमांक मिळविला. लहानमोठ्या सर्व शर्यती धरता या मालिकेच्या विजयांची संख्या हजाराच्या वर जाते.

परंतु यश पचविणे अपयश पचविण्याहून कठीण असते. ज्यांनी जगास हलकेपणाचा धडा दिला, त्यांनाच आता अवजडपणाचा मोह पडला. राजेमहाराजांसाठी म्हणून त्यांनी रॉयाल नावाची प्रचंड मोटार निर्माण केली. तिचे एंजिन जवळजवळ पावणेतेरा लिटरचे, व वजन तीन टनांच्या घरात. अशा पंचवीस गाड्या करण्याचा बेत होता. इतक्यात १९२९ ची जागतिक मंदी कोसळली. सहाच गाड्या पुऱ्या झाल्या, त्यांपैकी गिऱ्हाइकांनी घेतल्या तीन, आणि एकाही राजाने घेतली नाही. मोटारीच्या टोकावर मागील पायांवर उभा असलेला एक हत्ती बसविलेला असे. तो हत्ती धाकट्या बंधूच्या हातचा. रेम्ब्रांट यांनी १९१६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, पॅरिस येथे आत्मघात केला होता. बंधूची आठवण एत्तोरे यांनी आपल्या सर्वांत महागड्या व सर्वांत अयशस्वी गाडीच्या मस्तकी ठेविली, ही गोष्ट आम्हांस फार हृदयस्पर्शी वाटते.

उरलेली एंजिने वाया न घालविता त्यांनी ती फ्रान्सच्या रेल्वेसाठी केलेल्या वेगवान डब्यांत बसविली, आणि १९३३ पासून त्या डब्यांनीच कारखाना तारला. तथापि १९३६ साली फ्रान्सभर संप झाले, त्यांत मोल्सहाइमचे कामगारही सामील झाले. कामगारांस आपल्या कुटुंबाप्रमाणे मानणाऱ्या या अभिमानी पुरुषास तो आघात सहन झाला नाही. मागण्यांत न्याय किती होता याचा शांतपणे विचार करण्यापेक्षा ते रुसून पॅरिसला निघून गेले. कारखान्याचा भार पडला तो सत्तावीस वर्षांच्या ज्याँवर.

ज्याँ पित्यास शोभेल असाच निघाला. सत्तावन्न क्रमांकाच्या सुंदर मोटारी त्याच्याच कल्पनेतील. त्यांपैकी पाठीच्या कण्यावर खिळ्यांची रांग मिरविणाऱ्या अटलांटिक नावाच्या गाड्या चारच झाल्या. ज्याँची स्वतःची काळी गाडी महायुद्धात नाहीशी झाली, तिचा अद्याप मागमूस नाही. तारांनी ओढावयाचे जुने ब्रेक सोडून तेलाच्या दाबाने चालणारे नवे ब्रेक घ्यावयास हट्टी पित्याचे मन अखेर त्यानेच वळविले. १९३७ व १९३९ या दोन्ही साली ल मानची चोवीस तासांची शर्यत त्याच्या देखरेखीखाली बुगाटीने जिंकली.

ज्याँस शर्यतीत उतरण्याची फार हौस होती. परंतु पित्याने तशी सक्त मनाई केली होती. दुसऱ्यांच्या मुलांसाठी वेगवान वाहने घडविणारा हा मनुष्य आपल्या मुलापुरता वेगास भीत होता. ११ ऑगस्ट १९३९ च्या रात्री, ल मान जिंकलेल्या त्याच मोटारीची परीक्षा ज्याँ कारखान्याजवळच्या रस्त्यावर घेत होता. एक सायकलस्वार अकस्मात आडवा आला. त्यास वाचविण्याकरिता ज्याँने गाडी वळविली, ती झाडावर आदळली, आणि तिशीतला तो कर्तबगार तरुण मरण पावला. जी भीती शर्यतीच्या मैदानावर घातली होती, ती घराच्या वाटेवर खरी झाली. तीनच आठवड्यांनी दुसरे महायुद्ध पेटले.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. जर्मनांनी आल्सास घेतला व कारखाना एत्तोरे यांस विकावयास भाग पाडले. १९४४ साली पत्नी निवर्तली. बुगाटी हाकून कीर्ती मिळविलेले ग्रोव्हर-विल्यम्स व रोबेर बनुआ हे दोघेही गुप्तपणे नाझींविरुद्ध लढले, पकडले गेले व छळछावण्यांत मारले गेले. युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने कारखाना शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात ठेविला. तो परत मिळावा म्हणून वृद्ध एत्तोरे न्यायालयात झगडले. १९४७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु त्या वेळी ते अंथरुणास खिळले होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिस येथे त्यांनी देह ठेविला. मोल्सहाइमनजीक दोर्लिसहाइम येथे, पुत्राच्या सान्निध्यात, त्यांची समाधी आहे.

त्यांचे नाव मात्र संपले नाही. १९९८ साली ते जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने विकत घेतले, आणि २००५ साली मोल्सहाइम येथेच व्हेरॉन ही नवी मोटार जन्मली. १९३९ चा ल मान विजेता पिएर वेरों याचेच नाव तिला दिले आहे. तिची शक्ती एक हजार एक अश्वांची, वेग ताशी चारशे किलोमीटरांहून अधिक. आणि वजन मात्र पस्तीस क्रमांकाच्या जुन्या गाडीच्या अडीचपट! तिचा पराक्रम आम्ही नाकारीत नाही. परंतु वृद्ध एत्तोरे तिजसमोर उभे राहिले असते, तर त्यांनी प्रथम तिच्यातून काय काय काढून टाकता येईल हेच पाहिले असते, असे आम्हांस वाटते.

असो. हे चरित्र निर्दोष पुरुषाचे नव्हे. ते हट्टी होते, मानी होते, आणि आपलाच नियम मोडल्याचे शासन त्यांस भोगावे लागले. पण पदवी नसलेल्या एका उमेदवाराने, तळघरात बसून, जगाने चालविलेला प्रश्न उलटा करून पाहण्याचे धैर्य दाखविले, हे विसरता येत नाही. आमच्या विद्यार्थीमित्रांनी पुढल्या खेपेस मोटार पाहण्यासाठी मान वळविली तर खुशाल वळवावी. मात्र ती किती धावते एवढेच न विचारता, तिने काय टाकून दिल्यामुळे ती इतकी धावते, हेही एकदा विचारावे.