खाणीतला घोडा

१८६० च्या सुमाराची गोष्ट. फ्रान्समध्ये कोमांत्री नावाच्या गावात कोळशाची खाण होती. जमिनीखाली कोळशाच्या गाड्या घोडे ओढायचे.

एके दिवशी त्यातल्या एका घोड्याचा पाय मोडला. माणसं तबेल्यात दुसरा घोडा मागायला गेली. पण साहेबांच्या परवानगीशिवाय घोडा द्यायचा नाही, असा नियम होता. आणि साहेब तर जागेवर नव्हते! घोडा मिळाला नाही. काम बंद पडलं.

त्याच खाणीत हेन्री फेयॉल नावाचे तरुण इंजिनिअर होते. त्यांनी ही घटना वहीत लिहून ठेवली. चूक कोणाची होती? तबेलेवाला तर नियमाप्रमाणेच वागला. फेयॉल यांच्या लक्षात आलं, की साहेब नसताना निर्णय घेणारं कोणीतरी हवंच.

फेयॉल यांचा जन्म १८४१ साली इस्तंबूलमध्ये झाला. म्हणजे तुमच्यासारखेच तेही आपल्या देशाबाहेर जन्मले! पुढे ते फ्रान्सला आले आणि १९ व्या वर्षी इंजिनिअर झाले. कोळशाच्या खाणीत आगी लागायच्या. त्या का लागतात, कशा विझवायच्या, याचा त्यांनी अभ्यास केला. २५ व्या वर्षी ते खाणीचे प्रमुख झाले.

१८८८ साली ते सगळ्या कंपनीचे प्रमुख झाले. तेव्हा कंपनी बुडायला आली होती. ती बुडाली असती, तर कामगारांच्या घरच्या चुली कशा पेटल्या असत्या? फेयॉल यांनी तोट्यातले काही कारखाने बंद केले. हा निर्णय सोपा नव्हता. मग त्यांनी नव्या खाणी घेतल्या. १९१८ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा कंपनी भक्कम उभी होती.

हे कसं जमलं? १९१६ साली त्यांनी आपला अनुभव लिहून काढला. त्यात व्यवस्थापनाची १४ तत्त्वं आहेत. उदाहरणार्थ, एका माणसाला हुकूम देणारा साहेब एकच असावा. जबाबदारी दिली, तर अधिकारही द्यावा. सगळ्यांनी एकजुटीने काम करावं. व्यवस्थापन शाळेतही शिकवायला हवं, असं त्यांचं ठाम मत होतं.

१९२५ साली फेयॉल वारले. आज महाराष्ट्रात बारावी कॉमर्सची मुलं त्यांची तत्त्वं शिकतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे घोडे नाहीत. पण मंजुरी देणारा माणूस रजेवर गेला, की आमचंही काम अडतं. तेव्हा तो घोडा हमखास आठवतो!

शब्दार्थ
तबेला – घोडे बांधायची जागा
तोटा – नुकसान
निवृत्त होणे – वय झाल्यावर नोकरी संपणे
एकजूट – सगळ्यांनी मिळून एक होणे
हमखास – नक्की

प्रश्न
१. खाणीतलं काम का बंद पडलं?
२. फेयॉल यांनी कंपनी कशी वाचवली?
३. तबेलेवाल्याच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं? घरी आई-बाबांशी मराठीत बोला आणि चार वाक्यं लिहा.