स्वामी रामानंद तीर्थ

स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे असे अध्यक्षबाईंनी सुचविले, तेव्हा मला प्रथम स्वामीजी आठवले. मी सातवीपर्यंतच शिकलेली; चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

स्वामीजींचे पूर्वीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. १९२० साली लोकमान्य टिळक वारले, तेव्हा या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. वय अवघे सोळा! आमची मुले त्या वयात दप्तरसुद्धा जागेवर ठेवीत नाहीत.

पुढे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिकवू लागले. १९३२ साली संन्यास घेतला. पण खडू-फळा काही सोडला नाही. १९३५ साली सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस येऊन योगेश्वरी विद्यालयाच्या कामास लागले. गावास तेव्हा मोमिनाबाद म्हणत. राज्य निजामाचे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. औरंगाबादेस इंटरपर्यंतचे कॉलेज होते, बी.ए. व्हायचे तर मराठवाडा सोडून जावे लागे. कोरडवाहू शेतकऱ्याने तेवढा पैसा कोठून आणावा?

१९३८ साली स्वामीजी स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले व शाळा सुटली. पुढे कितीदा तरी तुरुंग भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. स्वामीजी नंतर लोकसभेतही गेले.

परंतु मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. मुक्तीनंतर दोनच वर्षांत, १९५० साली, त्यांच्या संस्थेने नांदेडला पीपल्स कॉलेज काढले. लांबच्या कॉलेजात मुलाला बैल विकूनही पाठवितात, मुलीला मात्र कोणी पाठवीत नाही. माझी शाळा सातवीलाच सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. आज माझी मुलगी सकाळच्या एस.टी.ने अंबाजोगाईस कॉलेजात जाते आणि दिवेलागणीच्या आत घरी येते.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे निवर्तले. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजास त्यांचेच नाव आहे. बाळंतपणास आपण स्वारातीत जातो ना, तेच. त्या तीन अक्षरांत कोण आहे, हे मलाही दोन लेकरे झाल्यावरच कळले.