डॉ. ब्राउन-सेकार : एका धाडसी शोधकाचें चरित्र

बाल्य सरून तारुण्य येऊं लागलें म्हणजे मुलाचा आवाज फुटतो, त्यास मिसरूड येतें. मुलीच्या शरीरांतही तिच्यापरी पालट होतात. जननग्रंथी रक्तांत जे रस सोडतात, त्यांमुळें हे सर्व घडून येतें. पुरुषाच्या ठिकाणीं वृषण व स्त्रीच्या ठिकाणीं अंडाशय ह्या त्या ग्रंथी होत. त्यांच्या रसांस हॉर्मोन अथवा संप्रेरक म्हणतात. ह्या विषयाकडे ज्यांच्या धाडसानें जगाचें लक्ष वेधलें, आणि त्याच धाडसापायीं ज्यांचें हसेंही झालें, त्या डॉ. ब्राउन-सेकार ह्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं वाचण्याजोगें आहे.

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर, पोर्ट लुई येथें, ता. ८ एप्रिल १८१७ रोजीं चार्लस् एदुआर ह्यांचा जन्म झाला. वडील अमेरिकन कप्तान होते. मुलाचें मुख पाहण्यापूर्वींच ते समुद्रावर नाहींसे झाले. आई फ्रेंच कुळांतील. तिनें शिवणकाम करून मुलास वाढविलें. चार्लसनें पुढें बापाच्या ब्राउन ह्या आडनांवास आईचें सेकार हें आडनांव जोडलें, व दोन्ही नांवें जगभर नेलीं.

१८३८ सालीं मायलेकरें पॅरिसला गेलीं. चार्लसच्या मनांत साहित्यिक व्हावयाचें होतें. परंतु तेथील एका जाणत्या लेखकानें त्यास त्या मार्गापासून परावृत्त केलें, व तो वैद्यकाकडे वळला. गरिबीशीं झगडत त्यानें १८४६ सालीं पदवी मिळविली. पृष्ठरज्जूची एक बाजू छेदली गेल्यास त्याच बाजूची हालचाल बंद पडते, वेदनेची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते, हें त्यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. त्या विकारास आजही त्यांचेंच नांव आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी काढल्यास प्राणी जगत नाहीं, हेंही त्यांनीं १८५६ सालीं सिद्ध केलें. पुढें लंडन व हार्वर्ड येथें त्यांस मानाचीं पदें मिळालीं, आणि १८७८ सालीं पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्यें क्लोद बर्नार ह्यांची जागा त्यांच्याकडे आली.

प्रयोगासाठीं स्वतःचा देह पुढें करावयाचा, ही त्यांची रीतच होती. जठररस मिळविण्यासाठीं ते दोऱ्यास बांधलेला स्पंज गिळीत व पुन्हा वर ओढून काढीत. १८५४ सालीं मॉरिशसमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां ते रोग्यांच्या सेवेस धांवून गेले. आणि अफूच्या अर्काचा गुण पाहण्यासाठीं त्यांनीं रोग्याची वांती स्वतः गिळली! बेटावरील लोकांनीं त्यांस सुवर्णपदक अर्पण केलें.

खच्ची केलेला बैल व वळू ह्यांतील भेद शेतकऱ्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. १८४९ सालीं गॉटिंगेन येथें बर्थोल्ड ह्यांनीं खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटांत वृषण बसविलें, तों त्यांचा तुरा, आरवणें व झुंजारपणा कायम राहिला. ह्या ग्रंथी रक्तांत कांहीं तरी सोडतात, असें ब्राउन-सेकार ह्यांचेंही अनुमान होतें. ता. १ जून १८८९ रोजीं पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळापुढें हे ७२ वर्षांचे प्राध्यापक उभे राहिले. कुत्रा व गिनीपिग ह्यांच्या वृषणांचा अर्क आपण टोचून घेतला, त्यामुळें थकवा गेला, जिना धांवत चढतां येऊं लागला व हाताचें बळ सरासरीनें सहा किलोंहून अधिक वाढलें, असें त्यांनीं सांगितलें.

कित्येकांनीं टवाळी केली. उलटपक्षीं भोंदू विक्रेत्यांनीं यौवनाचीं औषधें बाजारांत आणलीं. ब्राउन-सेकार मात्र अर्क वैद्यांस विनामूल्य देत. १८९४ च्या एप्रिलमध्यें, सत्याहत्तरावें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस उरले असतां, त्यांचें देहावसान झालें.

त्यांचें अनुमान खरें होतें. पुरावा मात्र फसवा होता. वृषण हा रस सांठवून ठेवीत नाहींत. तयार होतांच तो रक्तांत जातो, आणि पाण्यांत तर तो जवळजवळ विरघळतच नाहीं. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें वळूंच्या सुमारें १०० किलो वृषणांतून टेस्टोस्टेरॉनचे अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक हातीं आले. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं जुन्या कृतीनें अर्क काढून तपासला, तेव्हां त्यांतील हॉर्मोन कांहींही परिणाम न होण्याइतकें अल्प आढळलें. वृद्ध प्राध्यापकांस वाटलेली तरतरी बहुधा त्यांच्या आशेनेंच आणली होती.

तथापि त्यांचे श्रम वांयां गेले नाहींत. ग्रंथींच्या अर्कांचा अभ्यास जोरानें सुरू झाला. १८९१ सालीं इंग्लंडांत मरे ह्यांनीं मेंढीच्या कंठग्रंथीचा अर्क टोचून एका रोगी स्त्रीस बरें केलें. ती पुढें २८ वर्षें जगली. १९०५ सालीं स्टार्लिंग ह्यांनीं हॉर्मोन हा शब्द रूढ केला, आणि १९३९ सालचें नोबेल पारितोषिक बुटेनांट ह्यांच्या लिंग-हॉर्मोनांवरील व रुझिच्का ह्यांच्या पॉलिमेथिलीन आणि उच्च टर्पीन ह्यांवरील कार्यास जाहीर झालें.

आजही शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींत, आपणांस गुण आला, अशी ग्वाही देणारे पुष्कळ भेटतात. ते सगळेच खोटें बोलतात असें नाहीं. ब्राउन-सेकारही खोटें बोलले नव्हते. परंतु एकट्याच्या अनुभवास, तो अनुभव कितीही थोर पुरुषाचा असो, दुसऱ्यांनीं पारखून घेतल्यावांचून शास्त्राचें मोल येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं त्यांचें धाडस अंगीं बाणवावें, व ही पारखही त्यासोबत शिकावी.