जॉर्ज सायमन ओहम

जर्मनीतील एर्लांगेन या गावी योहान ओहम नावाचा एक कारागीर राहत असे. कुलपे बनवणे हा त्याचा व्यवसाय. शिक्षणाची संधी त्याला मिळाली नव्हती, पण स्वतःच्या प्रयत्नाने तो गणित आणि विज्ञान शिकला होता. १६ मार्च १७८९ रोजी त्याच्या घरी जॉर्जचा जन्म झाला.

जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी जॉर्जला आणि त्याचा धाकटा भाऊ मार्टिन याला घरीच गणित शिकवले. १८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. तिथे मात्र नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे खेळ यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. आपल्याला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवतो, हे त्यांना कसे सहन होणार? त्यांनी त्याला थेट स्वित्झर्लंडला पाठवले. सतरा वर्षांचा जॉर्ज तिथल्या शाळेत गणित शिकवू लागला. हा धाक उपयोगी पडला असेच म्हणावे लागेल. १८११ मध्ये एर्लांगेनला परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली.

१८१७ मध्ये ओहम यांना कोलोन शहरातील शाळेत नोकरी लागली. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून उरलेल्या वेळात ते तिथे विजेचे प्रयोग करू लागले. तारेची लांबी वाढवली तर विद्युतधारा किती कमी होते, हे त्यांना शोधायचे होते.

हल्ली संगणकाच्या पडद्यावरही विद्युत परिपथ जोडता येतो. त्यातली बॅटरी सहसा कमजोर होत नाही. ओहम यांची बॅटरी मात्र प्रयोग चालू असतानाच कमजोर होई. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेला पहिला नियम चुकला. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्यांनी बॅटरी सोडून दिली. तांबे आणि बिस्मथ या धातूंचे तुकडे जोडून त्यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. आता विभवांतर स्थिर राहू लागले. एकाच जाडीच्या, पण कमीजास्त लांबीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी एकेक करून जोडल्या. विजेमुळे वळलेली चुंबकसूची जागेवर आणायला तिची टांगणी किती पिळावी लागते, यावरून ते धारा मोजत.

या वेळी उत्तर बरोबर आले. विभवांतर दुप्पट केले, तर धारा दुप्पट होते. रोध दुप्पट केला, तर धारा निम्मी होते. तारेचे तापमान मात्र बदलता कामा नये.

१८२७ मध्ये ओहम यांनी हे सारे पुस्तकात मांडले. विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी त्यांची आशा होती. पण जर्मनीतील अनेक विद्वानांनी पुस्तकाकडे पाठ फिरवली. दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये गणित शिकवून ते गुजराण करत होते. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्गला नोकरी मिळाली.

खरा सन्मान परदेशातून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. म्यूनिक विद्यापीठात ते प्राध्यापक झाले, तेव्हा १८५२ साल उजाडले होते आणि त्यांचे वय ६३ होते. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव देण्यात आले. १ व्होल्ट विभवांतर असताना ज्या तारेतून १ अँपिअर धारा वाहते, तिचा रोध १ ओहम असतो.