थॉमस मिजली आणि पेट्रोलमधले शिसे

चढावर ओझे ओढताना मोटारीच्या इंजिनातून खिळे ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला, तर ते नॉकिंग होय, हे आपल्याकडचा कोणताही मिस्त्री सांगेल. ते थांबावे व गाडीची ताकद वाढावी म्हणून पेट्रोलमध्ये ओतावयाच्या औषधाच्या बाटल्याही बाजारात मिळतात. या औषधाचा इतिहास म्हणजे बव्हंशी एका माणसाचे चरित्र आहे. थॉमस मिजली हे त्याचे नाव. विद्यार्थ्यांनी ते चरित्र जाणून घ्यावे, आणि पालकांनी तर अवश्य.

मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. कॉर्नेल विद्यापीठातून 1911 साली ते यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे ज्या रसायनशास्त्रात त्यांनी नाव मिळविले, त्याची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. 1916 साली ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले. हॅण्डल न फिरविता मोटार चालू करणारा विजेचा स्टार्टर बनविणारे ते हेच केटरिंग. त्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिणगीमुळेच इंजिने ठोकतात, असा आरोप त्या काळी होत असे.

मिजली यांनी इंजिनाच्या आत काय घडते हे पाहण्याची सोय केली. आवाज ठिणगीच्या आधी नव्हे, तर नंतर होतो असे त्यांना आढळले. म्हणजे दोष ठिणगीचा नसून इंधनाचा होता. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने सरकत पुढे जावयास हवी; परंतु दाब व उष्णता फार वाढली की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप भडकते. हा दुसरा भडका म्हणजेच नॉकिंग. तो फार चालू राहिला तर पिस्टनचे नुकसान होते.

यावर उपाय सापडला तो मात्र चुकीच्या तर्कातून! इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून घेईल, अशी कल्पना निघाली. तेलात विरघळणारा रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन घातले आणि नॉकिंग थांबले. पुढे खरे लाल रंग आणून पाहिले, तर त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. मग आयोडीनसारखेच काम करणाऱ्या स्वस्त द्रव्याचा शोध सुरू झाला. ॲनिलीन झाले, सेलेनियम झाले; टेल्युरियमच्या संयुगाला तर लसणासारखी अशी दुर्गंधी होती की ती अंगावरून जाता जात नसे. 1921 च्या ऑक्टोबरात मिजली यांनी पेट्रोलमध्ये 30 टक्के मद्यार्क घालून मोटार चालवून दाखविली. तो उपायही चांगलाच लागू पडत होता. परंतु मद्यार्क पुष्कळ घालावा लागे, आणि त्यावर कोणाचा मक्ता राहण्यासारखा नव्हता.

9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, इंजिनात घातले गेले. गॅलनभर पेट्रोलला जेमतेम 3 मिलिलिटर पुरत असे. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटन येथे त्याची विक्री सुरू झाली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हे द्रव्य ताकद देत नव्हते. ते इंधनाचा अवेळी भडका रोखत असे, त्यामुळे कारखानदारांना अधिक दाबाची इंजिने बनविता आली. ताकद आली ती त्या दाबातून. ऑक्टेन अंक नेमका हा भडका रोखण्याचा गुण मोजतो. म्हणून साध्या पेट्रोलवर न ठोकणाऱ्या गाडीत अशी बाटली ओतणे म्हणजे पैसे ओतणे होय. ठोकत असेल तरी आधी ठिणगीची वेळ व सिलिंडरमध्ये साचलेली काजळी मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. नॉकिंग ओळखून ठिणगी आपोआप मागे घेणाऱ्या नव्या इंजिनांना चढ्या ऑक्टेनचा थोडा लाभ होऊ शकतो, इतकेच.

शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. 1923 च्या आरंभी खुद्द मिजली यांनाच त्याची बाधा झाली होती व ते फ्लोरिडात विश्रांतीला गेले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात 5 कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले, कित्येक आजारी पडले. महिना संपण्याच्या आत मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि एक मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखविला. या एका कृत्याबद्दल त्यांना क्षमा करणे मला जड जाते. 1925 साली विक्री थांबविण्यात आली, ती पुढल्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके मोटारींच्या धुरातून शिसे हवेत व मातीत मिसळत राहिले. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा अधिक शोषले जाते आणि त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम करते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शिक्षक छडी मारील, पण रक्तातले शिसे त्याला कसे दिसणार?

शीतकपाटात वापरावयाचा फ्रीऑन वायूही मिजली यांच्याच गटाने शोधला. त्याने ओझोनचा थर विरळ केला. मात्र हे त्या काळी कोणालाच कळण्याजोगे नव्हते, तेव्हा दोन्ही शोधांना एकाच मापाने मोजू नये. 1940 साली त्यांना पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या व कप्प्यांची एक योजना केली होती. 2 नोव्हेंबर 1944 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी, त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा अंत झाला.

भारतात शिसे घातलेले पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात, 2021 साली थांबले. आणि 1921 साली मागे पडलेला तो मद्यार्क आज उसाच्या मळीतून, रसातून व धान्यातून काढून, इथेनॉल या नावाने आपल्या परभणीच्या पंपांवरील पेट्रोलमध्येही मिसळलेला असतो, 20 टक्क्यांपर्यंत. त्याने ऑक्टेन अंक वाढतो. लिटरमागची धाव मात्र थोडी कमी होते.