काळ्या पोशाखातला कर्णधार : डेव्ह गॅलहर

रग्बी हा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. लांबट चेंडू घेऊन धावायचे, साथीदाराकडे तो मागच्या बाजूलाच फेकायचा आणि शेवटी प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवायचा, असा हा पंधरा जणांचा धसमुसळा खेळ. न्यूझीलंडने त्यात जो दरारा निर्माण केला, त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे डेव्ह गॅलहर.

गॅलहरचा जन्म १८७३ साली आयर्लंडमध्ये झाला. १८७८ साली हे कुटुंब न्यूझीलंडमधील कॅटीकॅटी येथे स्थायिक झाले. आईच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चाले. ती आजारी पडली आणि तेरा वर्षांच्या डेव्हची शाळा सुटली. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. म्हणून त्याच्या चरित्रातील हे पान मला सहज उलटता येत नाही.

पुढे ऑकलंडला मांस गोठवण्याच्या कारखान्यात नोकरी करीत तो पॉन्सनबी क्लबकडून खेळू लागला. १९०५ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर निघालेल्या संघाचा तो कर्णधार झाला. प्रत्येक खेळाडूची जागा आणि काम ठरवून देण्याची त्याची पद्धत तेव्हा नवी होती. संपूर्ण दौऱ्यात ३५ पैकी ३४ सामने जिंकले. ९७६ गुण मिळवले आणि केवळ ५९ दिले. वेल्सविरुद्धचा एक सामना मात्र ०-३ असा गेला. 'ऑल ब्लॅक्स' हे नाव याच दौऱ्यात गाजले.

या पराक्रमाचा मोबदला काय? रोजचे तीन शिलिंग! प्रेक्षकांच्या पैशाने संघटनेची तिजोरी भरली, पण खेळाडूने हौशीच राहावे असा दंडक होता. त्याचे काही सहकारी १९०७ साली व्यावसायिक संघात गेले. गॅलहर जुन्याच खेळात निवडसमितीवर राहिला. हौस श्रीमंताला परवडते, कामगाराचा रोज बुडतो, असे मला वाटते. रग्बी युनियनने हा दंडक उठवला तो थेट १९९५ साली.

बोअर युद्धात लढून आलेला गॅलहर पहिल्या महायुद्धात वय कमी सांगून पुन्हा भरती झाला. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये पॅशनडेलच्या रणधुमाळीत तो पडला. त्याचे दोन भाऊही त्याच युद्धात गेले. ऑकलंडचे क्लब १९२२ पासून त्याच्या नावाच्या ढालीसाठी झुंजत आले आहेत. शाळा अर्धवट सुटलेल्या त्या मुलाचे हे स्मारक मला मोठे वाटते.

— द्वितीय वर्ष, कला